गृहव्यवस्था : यंत्राच्या पोटांतील खरकटें

ज्या घरांत भांडीं घासण्याचें यंत्र, म्हणजे डिशवॉशर, येऊन कांहीं महिने लोटले आहेत, त्या घरांतील वाचकांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या यंत्राच्या तळाशीं असलेली गाळणी आपण शेवटीं केव्हां धुतली? उत्तर देण्यास वेळ लागला, तर आमची पुढील हकीकत आपल्याच घरची समजून वाचावी.

आमच्या घरीं यंत्र आलें तें २०२१ च्या आषाढांत. आदल्या वर्षीं टाळेबंदीमुळें कामाच्या बाईंचें येणें बंद झालें आणि अकरा माणसांचीं उष्टीं-खरकटीं काढतां काढतां घरांतील बायकांचे हात सोलून निघाले. तेव्हां हा खर्च करावा असें ठरलें होतें. मातुःश्रींचा विरोध होता. "घासल्यावांचून भांडें निघतें होय रे?" हा त्यांचा प्रश्न. परंतु पहिल्याच दिवशीं स्टीलचीं ताटें अशीं लखलखीत निघालीं, कीं त्यांनीं चष्मा लावून एक ताट उलटसुलट पाहिलें आणि कांहीं न बोलतां मांडणींत ठेवलें. आमच्या घरांत यास संमति म्हणतात.

भाद्रपदांत गौरीजेवणाच्या दिवशीं मात्र आमची फजिती झाली. पानें मांडलीं, पाणी वाढलें, आणि एका पाहुण्या सवाष्णीनें पेला उचलून हळूच खालीं ठेवला. पेल्याच्या तळाशीं रव्यासारखे कण होते व कडेला बोट लावतां ओशटपणा लागत होता. त्या बाईंनीं तोंडांतून चकार शब्द काढला नाहीं. त्यामुळें तर आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें झालें.

पाहुणे गेल्यावर घरांत चौकशी सुरू झाली, आणि अशा चौकशा जेथें जाऊन थांबतात तेथेंच ती थांबली. यंत्रांत भांडीं लावण्याचें काम धाकट्या सूनबाईंचें. "भांडीं एकावर एक रचतां, मग पाणी पोंचणार कोठून?" असें आम्हींच त्यांना चार माणसांदेखत म्हटलें. त्यांनीं मान खालीं घातली. पुढें तीन आठवडे त्या प्रत्येक भांडें आधीं नळाखालीं घासून मग यंत्रांत ठेवीत होत्या; म्हणजे यंत्र असून नसल्यासारखें. साबणाच्या वड्या बदलून अधिक महाग वड्या आणल्या, तरी कण येतच राहिले. शेवटीं दार उघडतांच कुबट वास येऊं लागला व तळाशीं पाणी सांचून राहूं लागलें, तेव्हां दुरुस्तीवाल्यास बोलाविलें.

त्यानें एक स्क्रूदेखील काढला नाहीं. खालचा खण बाहेर ओढला, तळाशीं हात घातला, पेल्याएवढें एक नळकांडें फिरवून उचललें आणि सिंकमध्यें उपडें केलें. आंतून काय निघालें हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मोहरीचीं टरफलें, कढीलिंबाचे देंठ, चिंचेचे दोरे, लिंबाच्या बिया, वेलदोड्यांच्या साली, मटकीचीं फोलपटें, आणि या सर्वांस एकत्र बांधून ठेवणारा, लोण्यासारखा पांढरा, तुपाचा थर. सबंध श्रावण आणि भाद्रपद त्या नळकांड्यांत जसाच्या तसा होता. "ही गाळणी कधीं धुतली होती?" त्यानें विचारलें. आम्ही एकमेकांकडे पाहिलें. ती धुवावयाची असते हेंच कोणास ठाऊक नव्हतें. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका आमच्याच टेबलाच्या खणांत, प्लास्टिकच्या पिशवींतून बाहेरही न काढलेली, पडली होती.

पुष्कळांची समजूत अशी, कीं हें यंत्र नळाप्रमाणें सारखें नवें पाणी भांड्यांवर सोडीत असतें. तसें नाहीं. एका पूर्ण धुण्यास हल्लींचीं बहुतेक यंत्रें सुमारें १० ते १५ लिटर पाणी घेतात, आणि तेंही थोडथोडें करून. घेतलेलें पाणी तापवून पंप तें फिरत्या दांड्यांच्या भोंकांतून जोरानें उडवितो. भांड्यांवरून ओघळून तें तळाशीं येतें, गाळणींतून जातें आणि पुन्हां वर उडतें. त्याच पाण्याच्या अशा कितीतरी फेऱ्या होतात. पाण्याची बचत होते ती यामुळेंच, आणि गाळणी तुंबली कीं घाण फिरत राहते तीही यामुळेंच. सूनबाईंनीं पेला कसाही ठेवला असता, तरी त्यावर कालच्या आमटीचाच शिडकावा व्हावयाचा होता.

पाण्याच्या जोरानें भांडीं धुण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतल्या जोसेफिन कॉक्रेन नांवाच्या बाईंनीं १८८६ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें व १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत तें मांडलें. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, हें वाचकांस स्मरत असेलच. बाईंचें यंत्र प्रथम विकत घेतलें तें मुख्यतः हॉटेलांनीं; घरोघरीं तें जाण्यास पुढें बरींच दशकें लागलीं.

आतां प्रत्यक्ष कृति. आधीं विजेचें बटण बंद करावें आणि धुणें नुकतेंच आटोपलें असल्यास आंतला भाग थंड होऊं द्यावा. खालचा खण काढला कीं तळाशीं गाळणी दिसते. बहुतेक यंत्रांत एक उभें नळकांडें, त्यासच जोडलेली बारीक जाळी आणि भोंवतीं एक सपाट चाळण असा तिचा थाट असतो. नळकांडें घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें फिरविलें कीं सुटतें. त्यांतील खरकटें ओल्या कचऱ्यांत झटकावें. तें सिंकमध्यें सोडणें, जसें आमच्या दुरुस्तीवाल्यानें केलें, म्हणजे येथील तुंबारा तेथें नेऊन ठेवणें होय. घाण आंतल्या अंगास बसलेली असते, म्हणून नळाची धार बाहेरून आंत धरावी. तूप थंड पाण्यास दाद देत नाहीं. त्यासाठीं सोसवेल इतक्या कढत पाण्यांत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटें सर्व भाग भिजत घालावेत व जुन्या मऊ टूथब्रशनें जाळी घासावी. तारेची घासणी कदापि लावूं नये. जाळी फाटली, कीं बारीकसारीक कण थेट पंपांत जातात.

गाळणी भिजत आहे तोंवर तळाच्या खळग्यांतलें पाणी स्पंजनें टिपून घ्यावें. तेथें आंधळेपणानें बोटें घालूं नयेत. फुटलेल्या पेल्याची कांच नेमकी तेथेंच जाऊन बसते. फिरत्या दांड्यांचीं भोंकेंही पाहावींत. एखादें बुजलें असल्यास टूथपिकानें मोकळें करावें. ज्यांच्याकडे बोअरवेलचें किंवा टँकरचें जड पाणी आहे, त्यांच्या जाळीवर पांढरा क्षार धरतो. तो पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्यें भिजविल्यास सुटतो, आणि यंत्रांतील मिठाचा कप्पा वेळच्या वेळीं भरल्यास मुळांत कमी धरतो. मात्र मीठ या यंत्रासाठीं मिळतें तेंच घालावें, जेवणांतलें नव्हे.

गाळणी परत बसवितांना ती पक्की अडकली आहे ना, हें हातानें हलवून पाहावें. आमच्या चिरंजीवांनीं एकदां घाईंत ती सैल ठेवली, आणि लिंबाची एक बी पंपांत जाऊन यंत्र दोन दिवस घरघरत राहिलें. (चिरंजीव अभियंते आहेत.) भांडीं यंत्रांत लावण्यापूर्वीं घासण्याची गरज नसते, ताटांतलें अन्न तेवढें निपटून टाकलें म्हणजे पुरे. आमच्याकडे यंत्र दिवसांतून दोनदां चालतें, म्हणून गाळणी दर शनिवारीं निघते. चार माणसांच्या घरीं पंधरवड्यांतून एकदां बहुधा पुरेल.

एवढें सगळें समजल्यावर प्रश्न उरला तो हातांचा. दुरुस्तीवाला गेल्यावर गाळणी धुण्याचें काम, कोणी न सांगतां, पुन्हां सूनबाईंकडेच गेलें. दोन शनिवार आम्हीं तें पाहिलें आणि वर्तमानपत्र वाचीत बसलों. तिसऱ्या शनिवारीं मातुःश्री म्हणाल्या, "अरे, बोल लावलास तूं, पुस्तक ठेवलंस खणांत तूं, आणि खरकटं काढते ती. हा कुठला न्याय?" यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. बाह्या सारून आम्ही सिंकपाशीं गेलों. गौरीच्या दिवशीं जें बोललों तें चुकीचें होतें, असें सूनबाईंना सांगितलें तें तेव्हांच, गाळणी हातांत धरून. त्या किंचित् थबकल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आधीं ती खालीं ठेवा, तूप ठिबकतंय."

तेव्हांपासून शनिवार आमचा आहे. गेल्या शनिवारीं गाळणींत दोन लवंगा आणि औषधाच्या वेष्टनाचा एक चंदेरी तुकडा निघाला. तो मातुःश्रींच्याच गोळ्यांचा, म्हणून त्यांना नेऊन दाखविला. त्यांनीं चष्मा लावला, तुकड्याकडे न पाहतां धुतलेली गाळणी उजेडाकडे धरली, आंतून बोट फिरविलें आणि ती आमच्या हातांत परत देत म्हणाल्या, "अजून ओशट आहे."