जुनीं आयरिश कथापुस्तकें व त्यांचे संग्राहक

जुन्या सचित्र पुस्तकांचा संग्रह हा निरुपद्रवी छंद समजला जातो. आयरिश लोककथांच्या जुन्या आवृत्त्यांवर तर संग्राहकांची फारच भक्ति! त्या भक्तीस आम्ही हंसत नाहीं. परंतु तिनें कथेचे जे हाल चालविले आहेत, त्यांविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे.

जेम्स स्टीफन्स यांचें आयरिश कथांचें पुस्तक १९२० साली आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांसह निघालें. चित्रें खरोखर सुंदर आहेत. पण अशा सौंदर्यानेंच पुस्तकांचा घात होतो. रंगीत पानें सोडवून, चौकटींत बसवून तीं एकेक विकणारे व्यापारी आहेत, आणि तीं भिंतीवर टांगणारे स्वतःस रसिक म्हणवितात! मागें उरलेल्या मजकुराची काय वाट लागली, हें कोण विचारतो? दुसऱ्या पंथाची तऱ्हा याहून उलट. ज्या प्रतीचीं जोडलेलीं पानें सुरीनें कधीं उकललींच गेलीं नाहींत, तिला अधिक मोल! कथापुस्तकाचा थोर गुण कोणता, तर तें कोणीं वाचलेलें नाहीं!

आतां डग्लस हाइड यांचें १८९० चें 'बिसाइड द फायर' घ्या. त्यांत कित्येक कथांचें आयरिश मूळ व समोर इंग्रजी भाषांतर दिलें आहे. आधींच्या संकलकांनीं कथा कोणाच्या तोंडून घेतल्या हें नीट नोंदलें नाहीं, असा आक्षेपही हाइड यांनीं प्रस्तावनेंत घेतला. रॅकहॅमच्या चित्रांपुढें या साध्या पुस्तकाकडे किती संग्राहक वळतात?

संग्राहक नसते तर हा ठेवा बुडाला असता, असें कोणी म्हणेल. पुस्तकें कदाचित् बुडालीं असतीं, कथा नव्हे. १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या मंडळानें गांवोगांव माणसें धाडून वृद्धांच्या कथा टिपून घेतल्या. १९३७ ते १९३९ या काळांत सुमारें ५०,००० शाळकरी मुलांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलें वह्यांत उतरविलें. तो संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत असून संगणकावर कोणासही विनामूल्य वाचतां येतो. कथांचें खरें रक्षण त्या साध्या वह्यांनीं केलें, असें आमचें मत आहे.

सुंदर जुनी प्रत जरूर घ्यावी. पण तिचीं पानें उकलावींत, चित्रें जागच्या जागीं राहूं द्यावींत, आणि संध्याकाळीं घरांतील मुलांस जवळ बसवून तींतील एक कथा मोठ्यानें वाचावी. एवढेंही ज्यांच्यानें होत नाहीं, त्यांनीं चित्रांचे शोकीन म्हणवून घ्यावें. लोककथांचे उपासक म्हणवूं नये.