जुनं रबर फेकू नका

जुन्या मोटारींच्या रॅलीत लोक रंग पाहतात, क्रोम पाहतात, बॉनेट उघडून इंजिनाचे फोटो काढतात. मी दरवाजा उघडतो आणि चौकटीवरून बोट फिरवतो. कापडी टपाच्या गाडीची खरी तब्येत तिथे कळते. नुसत्या रंगावर लाखो रुपये खर्च झालेल्या गाड्यांच्या दरवाज्यांना बाजारात मीटरवर मिळणारी, भलत्याच आकाराची बीडिंग चिकटवलेली मी वारंवार पाहतो. दोन पावसाळ्यांत पायाखालचा नमदा भिजून राहतो, त्याखालचा पत्रा फुगतो आणि तो महागडा रंग आतून सुटू लागतो. हे मला बघवत नाही. भोसरीच्या कारखान्यांत रबराच्या डाय बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हे नुकसान टाळता येतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

सध्या एका स्नेह्याची ट्रायम्फ हेराल्ड माझ्या हाताखाली आहे, कापडी टपाची, इंग्लंडमध्ये तयार झालेली. आपल्याकडे हेराल्ड म्हटलं की मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आठवते. मूळ गाडी 1959 साली तिकडे आली, टपाची त्याच्या पुढच्या वर्षी. मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराने तिला रूप दिलं. तिचा सांगाडा वेगळा आणि बॉडीचे भाग त्यावर नटबोल्टने बसवलेले. दुरुस्तीला ही रचना फार सोयीची, पण जिथे जोड तिथे फट, आणि जिथे फट तिथे रबर लागतंच.

बंद गाडीचं छप्पर नुसती सावली देत नाही, ते गाडीला ताठ ठेवतं. ते नसलं की बॉडी वाकते. अशी गाडी मधोमध जॅकवर घ्या आणि दरवाज्याच्या फटी पाहा, वरची एक आणि खालची वेगळीच दिसेल. म्हणून रबराला हात लावण्यापूर्वी गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर उभी हवी, टायरमध्ये बरोबर हवा हवी. हेराल्डमध्ये बॉडी आणि सांगाडा यांच्यामध्ये पातळ चकत्या घालून फटी जुळवता येतात. आधी त्या फटी, मग बिजागऱ्या, मग काच वर-खाली आणि आत-बाहेर नीट धावते का, मग टप लावून त्याची पुढची पट्टी विंडस्क्रीनच्या चौकटीवर सरळ बसते का. हे सगळं झाल्यावर रबर. बहुतेक गॅरेजांत हा क्रम उलटा असतो: रंग झाला की रबर चिकटवायचं आणि उरलेला वाकडेपणा रबराने झाकायचा. रबराला तेवढं मोठं काम झेपत नाही.

मग मिस्त्री सांगतो, “साहेब, नवीन रबर आहे, दरवाजा जरा आपटून लावा, महिन्याभरात बसेल.” नवं रबर सुरुवातीला थोडं कडक लागतं, हे खरं. पण दरवाजा रोज आपटावा लागत असेल तर रबरच चुकीचं आहे. विंडस्क्रीनभोवतीचं रबर भरीव असतं, शोअर मापावर साधारण साठ-सत्तर कडकपणाचं. दरवाज्याला लागतं ते स्पंजाचं, आत हवा भरलेल्या बारीक बंद पोकळ्यांचं, दोन बोटांत सहज दबून लगेच वर येणारं. बंद पोकळ्यांचंच का, तर उघड्या छिद्रांचा स्पंज पाणी पितो आणि पत्र्याला दिवसचे दिवस ओलं ठेवतो. परीक्षा सोपी आहे. तुकडा पाण्यात बुडवून दाबा, बाहेर काढून पिळा. पाणी गळलं तर तो तुकडा दुकानदाराला परत करा.

दुसरा प्रश्न साहित्याचा. नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीतच दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. ईपीडीएम नावाच्या रबरात मुख्य साखळी निर्धोक असते, म्हणून ते ऊन आणि ओझोन दोन्ही वर्षानुवर्षं सोसतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ओझोनच्या भेगा ताणलेल्या रबरावर पडतात, ताणाच्या दिशेला आडव्या. पट्टी खेचून बसवायची, टोकाला चार सेंटिमीटर वाचले म्हणून खूश व्हायचं, हा उद्योग मग महागात पडतो. ताणलेली पट्टी मागे सरकते, कोपऱ्यात फट पडते, आणि साधं रबर असेल तर त्याच कोपऱ्यावर पहिली भेग येते. पट्टी थोडी जास्त लांब कापा आणि आत ढकलत बसवा. घसरण्यासाठी साबणाचं पाणी पुरतं. ग्रीस लावू नका, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं. चिकटवायला आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तर अजिबात वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं.

आणि पाणी. काचेच्या बाहेरच्या बाजूची बीडिंग पाणी पूर्ण अडवते असा समज आहे. ती अडवत नाही, आणि तिने तसं करावं अशी मूळ रचनाच नाही. थोडं पाणी काचेवरून दरवाज्याच्या पोटात उतरतंच. दरवाज्याच्या तळाला त्याच्यासाठी भोकं ठेवलेली असतात. पेंटर ती पुटीने किंवा अंडरकोटने बुजवतो, कारण भोकं दिसायला बरी नाहीत. मग पाणी आत साठतं आणि दरवाजा खालून सडतो. टपाच्या गाडीतलं रबर पाण्याला वाट दाखवतं. ती वाट शेवटपर्यंत मोकळी आहे ना, हे पाहणं मालकाचं काम आहे, मिस्त्रीवर सोडू नये.

आता माझा मुख्य आग्रह. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, अशी त्यात अट आहे. ती योग्यच आहे. रबर मात्र पन्नास वर्षं टिकत नाही, ते बदलावंच लागतं. मूळ राहू शकतो तो त्याचा आकार. आणि नेमका तो आकार आपण कचऱ्यात टाकतो. डेंटर गाडी खोलतो त्या दिवशी जुनं रबर सोलून भंगारात जातं. चार महिन्यांनी मालक नाना पेठेत किंवा कुर्ल्यात “असलंच काहीतरी” शोधत फिरतो. इंग्लंडहून मागवलं तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी भरूनही ते पुष्कळदा हवं त्याहून कडक निघतं.

याला उत्तर आपल्याच गावात आहे. लांब पट्टी काढायची डाय म्हणजे पोलादाची एक चकती, हव्या आकाराचं भोक कोरलेली. ती फार महाग नसते. साच्यात घडवायचे कोपरे महाग पडतात, ते थोडे हाताने जोडता येतात. अडचण एवढीच की कारखानदाराला शेकडो मीटरचं काम हवं असतं आणि एका गाडीला लागतं फारच थोडं. दहा मालक एकत्र आले तर हे गणित सुटतं. म्हणून जुन्या गाड्यांच्या क्लबांनी एक कपाट ठेवावं: नमुने, त्यांची मापं, बनवून घेतलेल्या डाय आणि त्या कोणत्या गाडीला चालतात याची वही. रॅलीच्या गुणपत्रिकेतही दरवाज्याच्या रबराला स्वतंत्र गुण असावेत. रंगाला गुण आहेत म्हणून रंगावर खर्च होतो.

मालकांनी आजच सुरुवात करावी. गाडी खोलण्याआधी रबर कोणत्या बाजूने, कोणत्या खाचेत बसलंय याचे फोटो काढा. मग प्रत्येक पट्टीचा बोटभर तुकडा नव्या ब्लेडने काटकोनात कापा, कापलेल्या तोंडाला स्टॅम्प पॅडची शाई लावून कागदावर ठसा घ्या, शेजारी फूटपट्टीने माप लिहा. तुकडा निवडताना दरवाज्याखाली दबून चपटी झालेली जागा टाळा. धातूच्या पट्टीखाली झाकलेला भाग शोधा, तिथे मूळची जाडी पुष्कळदा शाबूत सापडते.