कंबर मोजली, पुढं काय?

मागच्या महिन्यात आशाताई घरी आल्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा होता. तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, असं सगळं विचारलं. मग टेप काढून कंबर मोजली. माझी ९८ सेंटीमीटर भरली. त्या फॉर्मवर पुरुषाला ९० आणि बाईला ८० च्या वर गेलं की गुण चढतात, आणि एकूण ४ च्या वर गेले की तपासणी आधी करायची.

माहिती वर गेली. मला मात्र मोबाईलवर एक ओळसुद्धा आली नाही. ताईंचा दोष नाही, त्यांना भरायलाच सांगितलंय.

पोरगा म्हणला, कॅलरीचं अॅप घ्या. घेतलं. ते विचारतं, भाकरी किती? आता आमच्या घरची एक भाकरी हॉटेलच्या दोन होतात. अन् भाजीत तेल किती पडलं ते घरच्या बाईला विचारायचं का, मला सांगा! चार दिवसांत सोडून दिलं.

याउलट आपल्या मराठवाड्यातच बघा. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी काही तोलायला लावलं नाही. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवण. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे ते स्वतःच सांगतात. त्यावर आहारतज्ज्ञांचे आक्षेप आहेत, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता करूच नये. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं व्हॉट्सअॅपवरचं काम. ग्रुपवर रिपोर्ट टाकला, शंका विचारली, की समोरून मराठीत कुणीतरी बोलतं. माणूस तिथं टिकतो तो त्यामुळं.

नाक्यावर हेच पाहिजे. इथं गाडीची वाट बघता बघता गोड चहाचे चार कप होतात, वर भज्यांची प्लेट. नाही म्हणलं तर समोरचा रुसतो.

फॉर्मवर आपला नंबर आहेच. उपकेंद्रातून त्याच नंबरांचा ग्रुप करा, महिन्याला कंबर मोजा, मागचा आकडा ज्याचा त्याला कळवा. बायांचं वेगळं बघावं लागंल, कारण बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. त्यांच्यासाठी अंगणवाडीत एक दिवस ठरवा.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडतोय. सोबत कोण येणार, खाली लिहा. टेप मी आणतो.