टेबलाला घाई नसते, बॉस!

नवा फ्लॅट, नवा ईएमआय आणि शनिवारी वास्तुशांत. म्हणजे शुक्रवारपर्यंत डायनिंग टेबल हवंच! ही डेडलाईन घेऊन मंडळी पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये पोचतात. १० बाय १५ची जागा, एक मिस्त्री, हाताखाली एक पोरगा आणि पायाखाली भुश्शाचा गालिचा. मिस्त्री रंधा न थांबवता सांगतात, ‘साहेब, महिन्याने या.’

आपल्याला वाटतं, भाव खातोय. पण दोस्तहो, इथला खरा बॉस मिस्त्री नाहीच. लाकूड आहे!

ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असतं. उघड्या हवेत ते सुकवायचा जुना ढोबळ हिशेब म्हणजे एक इंच जाडीला एक वर्ष. बरं, सुकल्यावरही ते गप्प बसत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तेही रुंदीत; लांबीत जवळपास नाहीच. मे महिन्यात अलगद लागणारं दार जुलैत अडून बसतं, ते यामुळेच.

चांगला सुतार या स्वभावाशी भांडत नाही. कपाटाच्या दारातली फळी तो चौकटीच्या खाचेत नुसती सरकवतो, फेविकॉल लावत नाही. टेबलाचा टॉप खालच्या फ्रेमला बसवताना स्क्रूची भोकं मुद्दाम लांबट ठेवतो. आपल्याला जी ढिलाई वाटते, ती त्याची हुशारी असते. लाकडाला हलायला जागाच ठेवली नाही, तर ते तडकून स्वतःची जागा करून घेतं.

प्लायवूडचं गणित वेगळं. पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे ते फारसं हलत नाही. घेताना शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे नेहमीच्या वापराचं, आयएस ७१० म्हणजे मरीन. ओट्याखाली हेच लावा. एमडीएफ दिसायला चकाचक, पण पाणी प्यायलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

आणि हो, आजीची डुगडुगणारी सागवानी खुर्ची भंगारात देऊ नका. तिचं लाकूड कधीच सुकून मुरलंय. जुना गोंद खरवडायचा, सांधा नव्याने चिकटवायचा, रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचा. बस्स! अशा रिपेअरिंगवरच या वर्कशॉपचा महिना निघतो. तरी आपण तिथे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

हाताखालचा पोरगा हे सगळं बघत असतो. पटाशीला नीट धार लावायला शिकण्यातच त्याचे काही महिने गेलेत. त्याचा मित्र बाईकवर पार्सलं पोचवतो आणि आठवड्याला पैसे घेतो. हाही आता तोच विचार करतोय. त्याला थांबवायचं असेल, तर कौतुक पुरणार नाही. ऑर्डर महिनाभर आधी द्या, ॲडव्हान्ससकट!