पैसे गेले, पावती कुठे?

परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी विद्यार्थ्याने मोबाइलवरून शुल्क भरावे, खात्यातून रक्कम वळती झाल्याचा बँकेचा संदेश तत्काळ यावा आणि संकेतस्थळावर मात्र 'शुल्क अप्राप्त' हीच नोंद कायम राहावी, हा प्रकार आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचे खापर 'नेटवर्क'वर फोडून आपण मोकळे होतो. नेटवर्क केव्हा ना केव्हा तुटणारच. ते तुटेल हे गृहीत धरून ज्यांनी संकेतस्थळ रचावयाचे, त्यांची हलगर्जी हाच, माझ्या मते, येथे खरा दोष आहे.

उदाहरणादाखल 'जँगो' ही वेब-फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ रचण्याची तयार चौकट, घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती जन्मली आणि २००५ साली सर्वांस खुली झाली, हे वृत्तपत्राच्या वाचकांना ऐकून संतोष वाटावा. या फ्रेमवर्कवरील संकेतस्थळास 'रेझरपे'सारखी पेमेंट सेवा जोडताना सर्व्हर प्रथम त्या सेवेकडे एक ऑर्डर नोंदवितो, आणि त्या ऑर्डरमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांकाने लिहावी लागते. म्हणजे ८५० रुपयांचे शुल्क तेथे ८५००० असे जाते. विद्यार्थ्याने पैसे भरले की त्याची ग्वाही दोन वाटांनी परत येते. पहिली वाट विद्यार्थ्याच्याच ब्राउझरमधून जाते. दुसरी, जिला 'वेबहुक' म्हणतात, ती पेमेंट सेवेच्या सर्व्हरकडून थेट संस्थेच्या सर्व्हरकडे येते.

केवळ पहिल्या वाटेवर विसंबणे म्हणजे खजिन्यातील रोकड न मोजता, कर भरणाऱ्यालाच 'भरलास ना?' असे विचारून पावती फाडण्यासारखे आहे. बॅटरी संपली, फोन आला, पान चुकून बंद झाले, की प्रामाणिक माणसाची ग्वाही वाटेतच हरवते. आणि सोबत आलेली सांकेतिक सही सर्व्हरने आपल्या गुप्त कळीने पडताळली नाही, तर अप्रामाणिकाची खोटी ग्वाही मात्र खुशाल आत शिरते.

दुसरी वाट भरवशाची खरी, पण तिलाही पहारा हवा. संकेतस्थळानेच दिलेली खूण सोबत नसलेली, मजकूर धाडणारी विनंती जँगो स्वभावतःच नाकारते, आणि वेबहुकजवळ ती खूण नसते, म्हणून त्याच्यापुरता तो निर्बंध उठवावा लागतो. तो उठविल्यावर, आलेला मजकूर जसाच्या तसा घेऊन त्यावरील सही तपासणे हाच काय तो पहारा उरतो, आणि तो न बसविणे म्हणजे तिजोरीचे दार उघडे टाकणे होय. शिवाय एकच वार्ता दोनदा येऊ शकते, नंतरची वार्ता आधीही पोहोचू शकते. म्हणून प्रत्येक वार्तेचा क्रमांक डेटाबेसमध्ये एकदाच नोंदला जाईल अशी तजवीज लागते. अन्यथा एकाच भरण्याच्या दोन पावत्या निघतात. एवढे करूनही रोज पेमेंट सेवेच्या नोंदींशी आपल्या जमेची रुजुवात घातलीच पाहिजे. जुन्या पेढ्यांवरचे मुनीम अशी रुजुवात घातल्यावाचून घरी जात नसत.

ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे ग्वाही पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत मिळावी आणि त्यापुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते. ते योग्यच आहे. परंतु पैसे परत आले तरी उलटून गेलेली मुदत परत येत नाही. आणि पेमेंट सेवेच्या दप्तरी व्यवहार यशस्वी नोंदला गेला असून चूक केवळ संस्थेच्या संकेतस्थळाचीच असेल, तर रक्कम आपोआप परत येईल या भरवशावरही राहता येत नाही. मग विद्यार्थ्याने बँकेचा उतारा घेऊन कचेरीचे खेटे घालावयाचे.

म्हणून विद्यापीठे, नगरपालिका आणि महामंडळे यांच्या अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की, संकेतस्थळाचे काम ताब्यात घेण्यापूर्वी त्यांनी ठेकेदारासमोर एक साधी परीक्षा घ्यावी: शुल्क भरावे, आणि पान परत येण्याच्या आत मोबाइल बंद करावा. त्यानंतरही पावती आपसूक निघाली नाही, तर ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये.