भरपाई सातबाऱ्याला, नुकसान मात्र सगळ्यांचे

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्यांनी काठ सोडला. टँकरच्या रांगांसाठी ओळखला जाणारा हा पट्टा पाण्याखाली गेला. उभे सोयाबीन कुजले, जनावरे वाहून गेली, कितीतरी शेतांतली माती खरवडून निघाली. राज्यात सुमारे ६८ लाख हेक्टरवरील पिके बाधित झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

शेतकऱ्याला मिळालेली मदत पुरेशी होती, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पिकाची मदत हेक्टरवर मोजली गेली. तिचा आधार सातबारा. पण ज्या घरात सातबाराच नाही, त्या घराचे काय? सोयाबीन कुजले तेव्हा मालकाचे पीक गेले आणि काढणीचे उक्ते घेणाऱ्या मजुरांचा हंगामही गेला. त्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणी केला? मजुरीला हेक्टर नसतो, म्हणून ती नुकसानीच्या यादीत दिसत नाही.

हा योगायोग नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार त्यांच्या वहितीखालचे क्षेत्र मात्र ९ टक्क्यांहून कमी आहे. हवामान बदलले की सर्वांनाच झळ बसते, हे खरे. पण सावरण्याची सगळी साधने, म्हणजे पीककर्ज, विमा, ई-पीक पाहणी, अनुदान, जमिनीच्या कागदाला बांधलेली आहेत. पाऊस जात पाहून पडत नसेल, पण मदतीची वाट जमिनीच्या मालकीतून जाते आणि जमिनीची मालकी जातीतून आली आहे. पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न आपल्यासाठी इथून सुरू होतो.

यातला सर्वात कच्चा दुवा गायरानाचा. मराठवाड्यात बौद्ध, मातंग, पारधी आणि इतर भूमिहीन कुटुंबांनी माळरान फोडून, दगडगोटे वेचून गायरान वहितीखाली आणले. त्यामागे १९५३ चा मराठवाड्यातील सत्याग्रह आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे लढे आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही अनेकांच्या नावावर आजवर जमीन चढलेली नाही. पीक त्यांचे, घाम त्यांचा, पण दप्तरात ते अतिक्रमणधारक. पुरात त्यांचे पीक गेले तर मदत मागायची कोणत्या कागदावर?

आता याच जमिनीवर हवामान बदलावरचा उपायही येतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्प उभे राहत आहेत. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. रात्री पाणी द्यायला जाताना साप चावून मरणारा सालगडी आपल्याच वस्तीतला असतो. पण प्रकल्पाला खासगी जमीन दिली तर मालकाला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये भाडे मिळते. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र दराने दिली जाते. त्या जमिनीत गायरान आले आणि ते कोणी वर्षानुवर्षे कसत असेल, तर त्याला भाडे नाही, नोटीस मिळते. एकाच योजनेत सातबारावाला भाडे घेतो आणि बिनसातबाऱ्याचा उठवला जातो. वीज हरित झाली म्हणून व्यवहार न्याय्य होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, हे गावोगावी ऐकवले जाते. पण त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. तो मात्र सांगितला जात नाही. तो सांगणे हे आपले काम आहे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मांडणी केली, ती कोणी जमीनदार नको आणि कोणी भूमिहीनही नको म्हणून. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी खेड्यातल्या भूमिहीनांची चिंता बोलून दाखवली. चक्कवत्ती सीहनाद सुत्तही हेच सांगते, की निर्धनांना धन दिले नाही तेव्हा दारिद्र्य वाढले आणि त्यातून बाकीचे अनर्थ आले. झाडे लावण्याचे कार्यक्रम आपण जरूर करू. पण आपल्या पर्यावरण चळवळीचा पाया जमिनीचा कागद हाच असला पाहिजे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे. पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या गावातील गायरानधारकांची यादी करा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मधील नोंदी पाहा, त्यांच्या नकला काढा. दंडाच्या जुन्या पावत्या, पीक पाहणीच्या नोंदी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांचे कागद पेटीतून बाहेर काढा. सौर प्रकल्पाचा ठराव येणार असेल तर ग्रामसभेला वस्तीतील बायामाणसांसह हजर राहा आणि कसणाऱ्यांची नावे इतिवृत्तात लिहून घ्या.

आपत्ती आली तर पिकाबरोबर मजुरीचाही पंचनामा मागा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत, ज्यांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम झाला त्या कुटुंबांसाठी मदतीची तरतूद आहे. ती भूमिहीनांपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न तहसीलदारांना लेखी विचारा आणि पोच घ्या. पुढचा पूर किंवा दुष्काळ थांबवणे आपल्या हातात नाही. त्या वेळी आपली माणसे यादीबाहेर राहू नयेत, एवढी तयारी मात्र आपण आजपासून करू शकतो.