धोट्याचा विटाळ आणि संगणकाचे दार

नायगावच्या बी. डी. डी. चाळींतील ज्या घरांतून एके काळी भोंग्याबरोबर माणसे गिरणीकडे निघत, त्याच घरांतील मुले आज संगणकाचे प्रमाणपत्र हाती घेऊन काम शोधीत आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नवे काम संगणकावर आले. अशा वेळी जुना इतिहास आठवणे अगत्याचे आहे.

गिरणीत अस्पृश्य कामगारास विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, सबब विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. खरा प्रश्न मजुरीचा होता. त्या खात्यात ती अधिक मिळे. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याची मागणी केली. काम शिकू देणे ज्याच्या हाती, मजुरीही त्याच्याच हाती, हे त्यांनी ओळखले होते.

आज विटाळाची भाषा कारखान्यात कोणी उघड बोलत नाही. परंतु कायद्याचे शब्द पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली कलम ३-अ घातले गेले. त्यान्वये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखणे मालकावर बंधनकारक झाले. मात्र ते सरकारने अधिसूचित केलेल्या व्यवसायांपुरतेच. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने स्वतः ठरवावयाचे 'ऐच्छिक व्यवसाय' निर्माण केले. कलम ३-अ चे शब्द तेथवर पोहोचत नाहीत. संगणकाची कामे झपाट्याने बदलतात, त्यांना सरकारी यादीची वाट पाहता येत नाही, असे यावर म्हटले जाईल. ते मान्य करू. पण व्यवसाय ठरविण्याची मोकळीक म्हणजे माणसे वगळण्याची मोकळीक नव्हे.

उपाय दूर नाही. कलम ५-अ अन्वये ऐच्छिक व्यवसायांतील उमेदवारांविषयीच्या अटी नियमांनी ठरविता येतात. त्या नियमांत राखीव जागांची अट घालावी. नियम अपुरा ठरेल असे वाटत असेल, तर संसदेने कलम ३-अ मध्येच ऐच्छिक व्यवसायांचा समावेश करावा.

आपल्या तरुणांचेही एक कर्तव्य आहे. ३० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. केवळ प्रमाणपत्रावर समाधान न मानता त्यांनी या जागा मागाव्यात, नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. गिरणीतील बंदीही, तिच्याविरुद्ध कोणी बोलेपर्यंत, रीत म्हणूनच चालली होती.